उपड्या गलबताखाली

शिडी नीट धर, सगुण.
वर बघू नकोस अजून. आधी हात बघ.
राळ नखात शिरली
की आठवडाभर भाताला तिचाच वास.

आपल्या आडबंदरात आभाळ म्हणजे
कुणाचं तरी उपडं घातलेलं गलबत.
कुणाचं, ते विचारू नये.
माझ्या बापाने विचारलं होतं एकदा, वर तोंड करून,
तर फटीतून सुंभाचा एक तुकडा पडला,
ओला,
आणि आपल्या माडांना येत नाही
असल्या निळसर काथ्याचा.

कण्याखालून दिवा सरकतो, कप्पीवर.
दोरी ओढायला खाडीच्या वरच्या अंगाला
दालद्यांची चार घरं. संध्याकाळी नुसती सैल सोडायची,
उरलेलं समुद्र ओढून घेतो.
शुक्रवारी दाऊद नमाजाला जातो
तेवढा वेळ दुपार तिथल्या तिथे उभी.
त्या दिवशीचे सुके बांगडे
जास्त कडक लागतात, खाऊन बघ.

चार कोपऱ्यांना चार टेकू, फणसाच्या खोडांचे.
चैत्रात ते वाळतात, बसतात,
गलबत वीतभर खाली येतं, मग हातभर.
वैशाखात माडावर चढलेला गडी
भुवया जाळून घेऊनच उतरतो.
त्याला लोक उन्हाळा म्हणतात.
मी म्हणते, टेकू बदला. कोण ऐकतं?

ज्येष्ठात ते आपलं गलबत घेऊन जातात.
त्यांचीही मासेमारी असेल.
मग चार महिने डोक्यावर काहीच नाही,
नुसतं त्यांचं पाणी, लोंबणारं,
आणि ते गळत राहतं.
गोडं आहे ते. त्यांचा सगळा समुद्र गोडा.
दिवा तेवढे दिवस गोणपाटात गुंडाळून
दाऊदच्या पडवीत ठेवतात;
साऱ्या गावात ओल नसलेली
ती एकच भिंत.

आश्विनात परत आणतात, घाईघाईने.
गडगडाट होतो तो टेकू बसवल्याचा.
आणि मग आपलं काम:
कापूस पिळायचा, राळ तापवायची, फटी भरायच्या
आणि प्रत्येक फटीत कापसाच्या आधी
चिमूटभर मीठ.
विसरू नकोस ते. भाडं आहे.
फुकट कोण कुणाला आभाळ देतो?
राळ सुकते तोवर गारवा राहतो, माघापर्यंत,
कधी जरा पुढेही,
राळेत भेसळ असली तर.

आपली रात्र झाली की तिकडे दिवस असतो.
म्हणून चांदण्या.
चांदण्या म्हणजे आपल्या हातून राहिलेलं काम,
दुसरं काही नाही.
तो पुंजका दिसतो, तिसऱ्या फळीला?
मी जन्मले त्या रात्री खालून हाक आली,
बाप उतरला, सगळ्यांना गूळ वाटत बसला,
आणि ती जागा तशीच राहिली.
गावातल्या भटजींनी तिला कृत्तिका नाव दिलं.
बाप मरेपर्यंत म्हणत होता,
उद्या भरतो.

आणखी एक सांगायचं आहे.
नाळीजवळ एक फट आहे, बोटाएवढी.
ती भरायची नाही.
एकोणीस वर्षांची होते, राळ आत जाते का बघायला
मी करंगळी घातली तिच्यात,
आणि पलीकडून ती कुणीतरी धरली.
ओढली नाही, पिरगाळली नाही.
धरली फक्त, तान्हं मूल धरतं तशी,
किंवा फार म्हातारं माणूस.
मी किती वेळ तशी उभी होते कोण जाणे,
खाली कढई करपली.
हात काढला तेव्हा हुंगून पाहिला:
राळ.
आपली नव्हे. जराशी गोड वासाची.

घरी कुणाला बोलले नाही.
तेव्हापासून तिथे मीठ मात्र
मूठभर ठेवते.

चल, चढ आता.
दिवा कण्याखाली यायच्या आत
तीन वाव तरी भरून झाल्या पाहिजेत.
आणि कढईवर लक्ष ठेवायला
तुझ्या धाकटीला हाक मार.